शेजारच्या बेसमेंटमधलं बिऱ्हाड : तक्रार करावी का?

ओसरी

न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहते. टाउनशिपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आमची गल्ली सगळी सिंगल फॅमिली घरांची, साठच्या दशकात बांधलेली. शेजारच्या घराचे मालक मराठीच, मंडळातली चांगली ओळख. मोठं घर घेऊन ते दुसऱ्या गावात गेले आणि हे घर त्यांनी भाड्याने दिलं. वर एक कुटुंब आलं, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मग बेसमेंटचं काम निघालं. शनिवार-रविवारी नाहीतर संध्याकाळी उशिरा चालायचं. परमिटचा कागद चिकटवलेला कधी दिसला नाही. आता खाली दुसरं बिऱ्हाड आहे : नवरा-बायको आणि दीड वर्षाची मुलगी.

कुरबूर सुरू झाली ती गाड्यांवरून. ड्राइव्हवेत दोन मावतात, बाकीच्या रस्त्यावर. बर्फ काढणारी गाडी आली की कोणाची तरी मध्ये येतेच. कचऱ्याच्या दिवशी डबे भरून वाहतात. समोरचे वयस्कर गृहस्थ झोनिंग ऑफिसरला (कुठल्या भागात कसली घरं चालतील हे बघणारा टाउनशिपचा अधिकारी) द्यायचं पत्र घेऊन घरोघर सह्या मागत फिरतायत. माझ्याकडेही आले. पत्रात पार्किंग आहे, कचरा आहे, शाळेवरचा भार आहे, 'आपल्या रस्त्याचं स्वरूप' आहे.

मी सही केली नाही. पण गप्पही बसवत नाही, कारण मी ते बेसमेंट आतून पाहिलंय. दिवाळीत फराळाचा डबा द्यायला गेले होते. घराच्या मागून पायऱ्या उतरून एक लोखंडी दार, बाहेरच्या बाजूला उघडणारं. शेवटच्या पायरीशी पाण्यासाठी जाळीचं छोटं गटार, ते पानांनी बुजलेलं. आत खिडक्या आहेत त्या छताला लागून, आणि त्यांना काचेच्या विटा बसवल्यायत, म्हणजे उघडायचा प्रश्नच नाही. झोपायच्या खोलीला लागूनच फर्नेस (घर गरम करायची भट्टी) आणि वॉटर हीटर, मध्ये फटींचं घडीचं दार. आतून वरच्या मजल्यावर जाणारा जिना आहे, पण त्याच्या दाराला वरच्यांनी स्वयंपाकघराच्या बाजूने कडी घातलीय आणि दारासमोर चपलांचं कपाट ठेवलंय. म्हणजे बाहेर पडायचा रस्ता एकच.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "फिनिश्ड बेसमेंट आहे, सगळ्यांकडे असतं, काळजी करू नका."

तक्रार केली तर त्या कुटुंबाला सामान घेऊन रस्त्यावर यावं लागेल का? आणि नाही केली तर? इथे टाउनशिपशी प्रत्यक्ष काम पडलेल्यांनी कृपया लिहा.

जकातनाका

पडू नका यात. मालक ओळखीचे आहेत, भाडेकरू स्वतःच्या मर्जीने राहतायत. उद्या गणपतीत समोरासमोर यायचंय.

फरसबंदी

बांधकामाच्या धंद्यात आहे, टाउनशिपच्या ऑफिसात आठवड्याला फेरी असते. मालक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतायत.

बेसमेंट 'फिनिश' करणं म्हणजे भिंती, वायरिंग, प्लंबिंग. त्याचं परमिट कन्स्ट्रक्शन ऑफिस देतं. त्या जागेत स्वतंत्र बिऱ्हाड ठेवणं हा वापराचा प्रश्न, तो झोनिंगचा. सिंगल फॅमिली झोनमध्ये प्लॉटवर एकच राहतं घर चालतं. परमिट घेऊन सुंदर बेसमेंट केलं तरी तिथे शेगडी, वेगळं दार, वेगळं कुलूप आणि वेगळं भाडं आलं की ते दुसरं घर झालं. इन्स्पेक्टर आत आला की आधी शेगडी बघतो, मग कुलपं.

आता झोपायच्या खोलीचं. इथल्या कोडप्रमाणे बेसमेंटमधल्या झोपायच्या खोलीला थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार लागतं. खिडकी असेल तर उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच. दोन्ही किमान मापं घेतली तर क्षेत्रफळ साडेतीन चौरस फुटांच्या आतच राहतं, म्हणून एक माप वाढवावंच लागतं. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. आणि ती आतून किल्ली किंवा हत्यार न वापरता उघडली पाहिजे. ही मापं आतल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून आहेत, तशी पाठीवर हवेची टाकी लावलेल्या फायरफायटरला आत शिरता यावं म्हणूनही आहेत. काचेच्या विटा म्हणजे त्या हिशेबात भिंतच.

फर्नेसबद्दल : झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा. तो आहे का, एवढं तरी उद्या विचारा.

नदीकाठ

ओसरीताई, मी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहतो. जकातनाका यांना 'पडू नका' म्हणणं सोपं वाटत असेल, आमच्याकडे आता कोणी तसं म्हणत नाही.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचा उरलेला पाऊस आला. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच नोंद झाली. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमध्ये, बहुतेक क्वीन्समधली. वुडसाइडमध्ये दोन वर्षांचं मूल आणि त्याचे आईवडील, तिघंही. समुद्र तिथून कोसभर लांब आहे, नदीचा पूर नव्हता. गटारं तुंबली आणि रस्त्यावरचं पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं. तुमच्या न्यू जर्सीत त्याच रात्री ३० च्या आसपास माणसं गेली, एलिझाबेथमध्ये तळमजल्यावरच्या घरांतले चौघं त्यात होते.

नंतर आम्ही काही जण मदतीला जात होतो. एका घरात भिंतीवर चिखलाची रेघ पाहिली, ती दिव्याच्या बटणांच्या वर होती. तिथलं कुटुंब वेळेत बाहेर पडलं, कारण वरच्या घराचा जिना उघडा होता.

न्यूयॉर्कमध्ये कायद्यात बेसमेंट आणि सेलर वेगळे आहेत. निम्मी किंवा जास्त उंची रस्त्याच्या पातळीच्या वर असेल तर बेसमेंट, निम्म्याहून जास्त खाली असेल तर सेलर. एक-दोन कुटुंबांच्या घरातलं सेलर २०२४ पर्यंत राहायला भाड्याने देताच येत नव्हतं. लोक दोन्हींत राहतात. ३११ ला (शहराच्या तक्रारीच्या फोन नंबरवर) तक्रार गेली की इन्स्पेक्टर येतो, आत घेतलं आणि धोका दिसला तर 'व्हेकेट ऑर्डर', म्हणजे जागा खाली करायचा हुकूम, चिकटवतो. त्या भीतीने भाडेकरू दारच उघडत नाहीत आणि छताला गळती लागली तरी तोंड उघडत नाहीत. २०१९ मध्ये ईस्ट न्यूयॉर्क भागात बेसमेंट कायदेशीर करून देण्याची प्रायोगिक योजना आली होती, ती जवळजवळ कागदावरच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये शहराने झोनिंग बदलून वाट थोडी मोकळी केली, पण पुराच्या पट्ट्यात बेसमेंटला परवानगी नाही. ते बरोबरच आहे.

किल्लेदार

इथे सगळे मालकाला आरोपी करून मोकळे झालेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझंही घर आहे, मीही बेसमेंट भाड्याने देतो. आमच्या न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेलं. देशात सर्वांत जास्त. नोकरी गेली, एकाच पगारावर घर आलं, तेव्हा त्या भाड्याने हप्ता भरला. माझ्याकडे राहिलेली मुलं नवीन आलेली असतात. क्रेडिट हिस्टरी नाही, पे स्लिप नाही, मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सवाले त्यांना दारात उभं करत नाहीत. मी करतो. आम्ही स्वतः असेच एका काकांच्या बेसमेंटमध्ये राहून वर आलो. ती जागा नसती तर पहिलं वर्ष निघालं नसतं.

टाउनशिपने हे कायदेशीर करू द्यावं, मी उद्या रांगेत उभा राहतो.

अबोली

मी सध्या बेसमेंटमध्येच राहते. न्यू जर्सीतच.

किल्लेदार यांचं म्हणणं पटतं, आम्हाला खरंच दुसरीकडे कोणी घेतलं नाही. मालक-मालकीण चांगले आहेत. पण मुसळधार पाऊस लागला की मी झोपत नाही. एकदा सम्प पंप (बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर टाकणारा) बंद पडला होता, सकाळी गाद्यांखाली ओल. मी मालकांना सांगताना शब्द तोलून सांगते, कारण राग आला आणि 'दुसरीकडे बघा' म्हणाले तर? नवऱ्याच्या एच-१बीचं काम चालू आहे, पत्ता बदलायची धास्ती वाटते. आणि वरून आपलंच कोणीतरी तक्रार करतंय असं कळलं तर मला आधी भीती वाटेल, हायसं नंतर वाटेल. ओसरीताई, एवढंच सांगते, जे काही कराल ते त्या बाईला आधी सांगून करा.

ओसरी

अबोली, हे मनात कुठेतरी होतं, तू नीट शब्दांत सांगितलंस. आधी तिच्याशी बोलते.

किल्लेदार, तुमच्या अडचणीबद्दल शंका नाही. मला एकच विचारायचंय, तुमच्या बेसमेंटमधून बाहेर पडायचे रस्ते किती?

किल्लेदार

मागचं दार आणि आतला जिना. जिन्याचं दार आमच्या बाजूने बंद असतं. (तुमचा प्रश्न वाचून उठून बघितलं. बोल्ट आहे.)

फरसबंदी

किल्लेदार, तो बोल्ट आज काढा. प्रायव्हसी हवी तर खालच्यांच्या बाजूने किल्लीशिवाय उघडेल असं लॉक मिळतं.

मागच्या दाराचा हिशेब सांगतो, कारण 'दार आहे ना' असं सगळे म्हणतात. ओसरींनी लिहिलेलं दार पायऱ्यांच्या खड्ड्यात आहे आणि बाहेर उघडतं. खड्ड्यात ३ फूट पाणी साचलं आणि दार ३ फूट रुंद असेल तर त्यावर ८०० पौंडांहून जास्त जोर येतो, म्हणजे ३८० किलोच्या घरात. आतून ढकलून ते उघडणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि खड्डा भरायला वेळ लागत नाही, गटाराची जाळी पानांनी बुजली असेल तर एका मोठ्या सरीत भरतो. हिवाळ्यात हेच दार बर्फाने अडतं. खिडकी जमिनीखाली असेल तर तिच्याबाहेर खणतात त्या खड्ड्याचंही, म्हणजे खिडकीच्या विहिरीचंही, तसंच, ती आगीत वाचवेल, पुरात तीही पाण्याने भरते. म्हणून आतला जिना उघडा असणं ही पहिली गोष्ट, खिडकी दुसरी.

सोनटक्का

आमच्या गल्लीत एका घरात पाच बॅचलर राहतात, नात्यातले नाहीत. सिंगल फॅमिली झोनमध्ये हेही बेकायदाच ना? आम्ही पण पत्र द्यायच्या विचारात आहोत.

पोथी

सोनटक्का, न्यू जर्सीत तेवढ्या कारणावरून नाही. प्लेनफील्ड गावाचा असाच नियम होता, नात्यात नसलेले चारपेक्षा जास्त लोक एका घरात नकोत. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्टेट विरुद्ध बेकर' खटल्यात तो मोडीत काढला. गर्दीची भीती असेल तर माणशी जागा किती, गाड्या किती, यावर नियम करा, रक्ताच्या नात्यावर करू नका, असा त्याचा आशय. हे प्रत्येक राज्यात असं नाही. लाँग आयलंडवरच्या बेल टेअर गावाचा त्याहून कडक नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये उचलून धरला होता. तीनच वर्षांनी ईस्ट क्लीव्हलँडमध्ये एका आजीने दोन चुलत भावंडं असलेले नातू घरात ठेवले म्हणून तिला शिक्षा झाली, ती मात्र त्याच न्यायालयाने रद्द केली. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

तेव्हा पाच जण एकाच स्वयंपाकघरात जेवत, एक घर म्हणून राहत असतील तर तो एक संसार. ओसरींच्या शेजारी दोन चुली, दोन कुलपं, दोन भाडी आहेत. फरक तिथे आहे.

आणि त्या पत्रातल्या 'रस्त्याच्या स्वरूपा'बद्दल. ज्या १९२६ च्या युक्लिड निकालावर सगळं अमेरिकन झोनिंग उभं आहे, त्यात न्यायमूर्तींनी स्वतंत्र घरांच्या वस्तीतल्या अपार्टमेंट इमारतीला बांडगूळ म्हटलंय. घर नव्हे, तिथे राहायला येणारी माणसं नकोत, हा सूर या नियमांत पहिल्यापासून आहे. न्यू जर्सीच्याच न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेलच्या निकालात सांगितलं की गावांनी झोनिंग वापरून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवू नये. पन्नास वर्षं झाली, गावं अजून कोर्टात भांडतायत. त्या पत्रावर सही न करण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. पण झोनिंगचा इतिहास वाईट म्हणून खिडकीचा नियमही वाईट, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खिडकीचा नियम वेगळ्या पुस्तकातला आहे आणि तो माणसं मेल्यानंतर लिहिला गेलाय.

ब्रॅम्प्टनकर

'कायदेशीर करू द्या म्हणजे सगळं सुटेल' असं म्हणणाऱ्यांसाठी आमच्याकडची हकीकत.

कॅनडातल्या ऑन्टारियोत नोव्हेंबर २०२२ च्या कायद्याने शहरी वस्तीतल्या बहुतेक घरांत तीन युनिट हक्काने करता येतात. म्हणजे 'दुसरं बिऱ्हाड चालेल का' हा वाद संपला. तरी ब्रॅम्प्टनमध्ये नोंदणी नसलेली बेसमेंट गल्लोगल्ली आहेत. नोंदणी करायची तर दोन घरांमध्ये आग अडवणारी भिंत-छत, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म, पुरेशी खिडकी, वेगळा रस्ता, हे सगळं दाखवावं लागतं आणि त्याला पैसे पडतात. जानेवारी २०२४ मध्ये शहराने पाच वॉर्डांत भाड्याच्या घरांना लायसन्सची प्रायोगिक योजना आणली. घरमालक रस्त्यावर उतरले, ती थांबवली, मग बदल करून पुन्हा सुरू केली. बायलॉ ऑफिसरला (शहराचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्याला) राहत्या खोलीत राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय किंवा वॉरंटशिवाय शिरता येत नाही. एका खोलीत चार विद्यार्थी कोंबलेले असतात, तेच दार उघडत नाहीत. कारण उद्या जाणार कुठे?

गाड्यांचं भांडण तर अजिबात मिटलेलं नाही. आमच्याकडे रात्री २ ते ६ रस्त्यावर गाडी लावता येत नाही, त्यामुळे लोक पुढची बाग उखडून काँक्रीट ओततात आणि मग त्यावरून तक्रारी.

तरीही मी कायदेशीर करण्याच्याच बाजूचा आहे. आमच्या बेसमेंटची नोंदणी केली तेव्हा इन्स्पेक्टरने फर्नेसच्या खोलीचं छत उघडं आहे हे दाखवलं. लपवून ठेवलं असतं तर ते कोणी दाखवलं असतं?

पायवाट

मी न्यू जर्सीत भाडेकरूंच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या ऑफिसात आहे. हा सल्ला नाही, पण या धाग्यात जे अजून कोणी लिहिलेलं नाही आणि लिहिलं जायलाच हवं ते लिहिते.

घर बेकायदा असलं तरी भाडेकरू भाडेकरूच असतो. मालकाला कुलूप बदलता येत नाही, सामान बाहेर काढता येत नाही, वीज-पाणी तोडता येत नाही. कोर्टाचा आदेश लागतो आणि बाहेर काढायचं काम कोर्टाचा अधिकारीच करतो. तक्रार केली म्हणून सूड उगवायला घर खाली करायला सांगणं, हेही कायद्याने मना आहे.

दुसरं, आणि हे बहुतेकांच्या गावीही नसतं. बेकायदा वापराबद्दल टाउनशिपने मालकाला नोटीस दिली आणि त्यामुळे भाडेकरूला जागा सोडावी लागली, तर मालकाने त्याला महिन्याच्या भाड्याच्या सहा पट रक्कम द्यायची असते. जागा सोडण्याच्या पाच दिवस आधी. थकवली तर वर्षाला १८ टक्के व्याज चढतं. भाडं १,५०० असेल तर ९,००० डॉलर. हे दानधर्म नाही, राज्याचा कायदा आहे.

ओसरीताई, तुमच्या शेजारी मालक स्वतः राहत नाहीत, दोन्ही मजले भाड्याने आहेत. त्यामुळे निष्कासनाविरुद्धच्या १९७४ च्या कायद्याचं संरक्षण त्या कुटुंबाला आहे. मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याची युनिटं दोनपेक्षा जास्त नसतील तर तो कायदा लागत नाही, तिथे हिशेब वेगळा होतो. म्हणून अबोली, तू आधी वकिलाशी बोल.

तक्रारीच्या आधी त्या बाईंना हे सांगा. हे माहीत नसलेला भाडेकरू मालकाने हातावर ठेवलेले एका महिन्याचे पैसे घेऊन निघून जातो.

जकातनाका

सहा पट भाडं हे मला माहीत नव्हतं. मग मालक चांगला असो वा वाईट, तो एवढा मोठा धोका का पत्करतो?

फरसबंदी

कारण सरळ मार्ग लांबचा आहे. सिंगल फॅमिली झोनमध्ये दुसरं युनिट हवं तर झोनिंग बोर्डाकडे वापराचा व्हेरियन्स (नियमातून सूट) मागावा लागतो. २०० फुटांतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, वकील, प्लॅनर, आणि सात जणांच्या बोर्डात पाच मतं हवीत. नुसतं बहुमत चालत नाही. शेजारी येऊन शपथेवर बोलतात, गाड्यांचे फोटो दाखवतात. प्रिन्स्टन, मेपलवूडसारख्या काही गावांनी नियमच बदलून घरातलं दुसरं छोटं युनिट मान्य केलंय, बाकी बऱ्याच गावांत अजून हेच.

'मदर-डॉटर' घर म्हणून मान्यता घेता येते काही ठिकाणी, पण ते नात्यातल्या माणसांसाठी, बहुतेकदा आतून जोडलेलं ठेवण्याच्या अटीवर. ते परक्याला भाड्याने देता येत नाही. घर विकणारे एजंट हे सांगत नाहीत.

किल्लेदार

बोल्ट काढला. खिडकीसाठी माणूस येऊन मापं घेऊन गेला, पाया कापावा लागेल म्हणाला. व्हेरियन्सचं फरसबंदींनी लिहिलंय ते वाचून वकिलाची वेळ घेतलीय. पाच मतं मिळतील असं वाटत नाही, पण विचारून बघतो. विमा कंपनीला भाडेकरूंचं सांगितलेलं नव्हतं, तेही आता काढावं लागेल.

ओसरी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, काय झालं ते सांगते.

त्या मुलीच्या आईशी बोलले. पायवाट यांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिने आधी विचारलं, "आमचं नाव कुठे येईल का?" नंतर नवरा-बायकोंनी दोन दिवस घेतले आणि म्हणाले, करा. त्या आधीच मी वरच्या कुटुंबाकडे जाऊन कडीचं सांगितलं. त्यांना खाली दुसरा रस्ता नाही हे ठाऊकच नव्हतं, चपलांचं कपाट त्यांनी माझ्यासमोर हलवलं.

मग मालकांना पुन्हा फोन केला आणि सरळ सांगितलं की मी माझ्या नावाने लिहून देणार आहे. ते खूप रागावले. 'आपल्या माणसाने असं करावं?' मी म्हटलं, खाली राहणारीही आपलीच आहेत. पत्रात मी फक्त झोपायची खोली, खिडक्या, दार आणि फर्नेस एवढंच लिहिलं. गाड्या, कचरा, शाळा यातलं काही नाही.

इन्स्पेक्टर आले, भाडेकरूंनी दार उघडलं. नोटीस निघाली : परमिटशिवाय काम, झोपायच्या खोलीला बाहेर पडायचा मार्ग नाही, सिंगल फॅमिली झोनमध्ये दुसरं युनिट. मालकांनी त्या कुटुंबाला दोन महिन्यांचं भाडं देतो, आठवड्यात निघा, असं सांगून पाहिलं. त्या बाईने कायद्याचं कलम दाखवलं. नंतर मालकांच्या वकिलानेच त्यांना सांगितलं असावं, कारण सहा महिन्यांची रक्कम चेकने मिळाली आणि मगच ते निघाले. आता दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये आहेत. भाडं जास्त आहे, ओढाताण होतेय, हेही खरं.

मालक आमच्याशी बोलत नाहीत. मंडळात दोन-तीन जणांनी तोंड फिरवलं. त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा हेच केलं असतं. समोरच्या गृहस्थांचं समाधान झालेलं नाही, कारण रस्त्यावरच्या गाड्या बहुतेक वरच्याच कुटुंबाच्या होत्या आणि त्या तशाच आहेत.

पायवाट

ताई, भाडेकरूला आधी सांगून केलेली तक्रार मी फार थोड्या वेळा पाहिलीय. एरवी आमच्याकडे लोक येतात ते सामान गॅरेजमध्ये टाकून, पैसे बुडाल्यावर.

अबोली

पायवाट, आमचे मालक वरच राहतात. भाडं रोख देतो, पावती नाही, लीज (भाडेकरार) तोंडी. आमच्याकडे दाखवायला काहीच नाही असं धरायचं का?

पायवाट

नाही, तसं धरू नकोस. तोंडी लीज हीसुद्धा लीजच असते. दर महिन्याला बँकेतून काढलेल्या रकमांचं स्टेटमेंट, भाड्याबद्दलचे मालकांशी झालेले मेसेज, त्या पत्त्यावर आलेली पत्रं, डॉक्टरांकडे दिलेला पत्ता, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. आजपासून रोख देऊ नकोस, चेक दे नाहीतर बँकेतून पाठव, आणि कारण म्हणून 'अमुक महिन्याचं भाडं' असं लिही. सम्प पंप बंद पडला होता त्याचा मेसेज केला असशील तर तो जपून ठेव. मालक वर राहतात म्हणून तुझी बाजू थोडी नाजूक आहे, तेव्हा टाउनशिपला काही कळवण्याआधी लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीच्या मोफत हेल्पलाइनला फोन कर. उत्पन्नाची मर्यादा ते विचारतील, बसत नसशील तरी पुढे कुठे जायचं ते सांगतात. सुरक्षा ठेव किती दिली होतीस? दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही त्यांना सांग.